धोंडीची पाचवी

प्रिय ताई,

आज सकाळी धोंडी गेली. ही बातमी तुम्हाला नाही सांगायची तर कुणाला सांगू? तुमच्या विनोदला सांगितलं, तर सोयाबीनच्या पोत्यांवरून मान न उचलता म्हणाला, "काकू, उंदीर मेला तं मेला." त्याचं चुकलं असं तरी कसं म्हणू? या घरात उंदीर मरणं ही काय बातमी आहे!

म्हातारी होऊन गेली, ताई. झोपेतच. माठाच्या खापरात, अंगाची गोळी करून. तिच्या जातीच्या मानानं पुष्कळ जगली. तुमच्या नातीनं, सायलीनं, आणि मी मिळून तिला सीताफळाखाली पुरलं. मांजरांनी उकरू नये म्हणून खड्डा खोल घेतला, वर दगड ठेवला. सायली बाळंतपणाला आलीय; तिला वाकता येत नाही, आठवा महिना आहे. ती उभ्यानंच रडली.

पण मी एवढ्यासाठी लिहीत नाहीये. दुपारी मंदाबाई आल्या होत्या. त्या काय बोलल्या ते शेवटी सांगते, आधी सांगितलं तर तुम्ही वरून खाली याल.

तुम्हाला आठवतं, सायलीनं तिला आणलं तो दिवस? नागपूरच्या घरमालकानं प्राणी ठेवायला नाही म्हटलं, म्हणून भोकं पाडलेल्या डब्यात घालून एसटीनं दारव्ह्याला घेऊन आली. दिवाळी नुकतीच झाली होती. घरभर कापूस पडला होता, पुढच्या खोलीत तर छताला टेकला होता. डबा उघडला आणि आतून सोनेरी, आखूड शेपटीचं काहीतरी डोकावलं. तुम्ही दोन पावलं मागे सरलात.

"काहून वं पोट्टे, बाहेर उंदीर कमी हायेत काय? तू नागपुराहून अजून एक घेऊन आली?"

"आजी, हॅमस्टर आहे तो. बिस्किट नाव आहे तिचं."

"बिस्किट! उंदराचं नाव बिस्किट अन् तुह्या बापाचं नाव धोंडू!"

केवढे हसलो होतो आपण! आणि हसता हसता माझं लक्ष कोपऱ्यातल्या मुसळाकडे गेलं होतं. लोखंडी कड्याचं ते मुसळ. एरवी लग्नाच्या हळदीला निघायचं, आणि बाकी वर्षभर तुमच्या हातात असायचं. मी या घरात नवी आले त्या आठवड्यात तुम्ही तुरीच्या पोत्यामागून निघालेला घुशीएवढा उंदीर एका घावात भिंतीला चिकटवला होता. रक्ताचा शिंतोडा माझ्या नव्या पातळावर आला. मी किंचाळले. तुम्ही मुसळ पुसत म्हणालात, "घाबरू नोको मड्डम, मेला थो." सापळ्यात सापडलेले तुम्ही सापळ्यासकट हौदात बुडवायच्या. बुडबुडे थांबेपर्यंत वरून हात काढायच्या नाहीत. मी तोंड फिरवायची. इतकी वर्षं या घरात काढली, ताई, पण त्या बुडबुड्यांची सवय मला कधी झाली नाही.

आमच्या यवतमाळच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी मागच्या अंगणात गिनीपिग पाळले होते. रोज दोघींची पाळी असायची. हात धुवायचे, जमिनीवर बसायचं, आणि तो आपणहून जवळ आला तरच उचलायचा. न आला तर गवत ठेवून परत वर्गात! एवढी शिस्त! मला वाटायचं, आपल्याला एवढ्या प्रेमानं घ्यायचंय तर त्याला काय हरकत आहे? हरकत त्याची असते, आपली नसते, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली.

म्हणून सायली मोबाइलवर वाचून सांगायची ते मला पटायचं. तुम्हाला पटायचं नाही. तुम्ही प्रेमात पडला होता ना! तुमचं प्रेम म्हणजे वादळच. पहिल्याच दिवशी ढिगातून मऊसूत कापसाचा बोळा ओढला आणि तिच्या पिंजऱ्यात गादी घातली. सायली फोनवरून ओरडली, "आजी, कापूस नको! धागा पायात अडकतो!"

"कापसानं कोनी मरते काय? अन् तेही आपल्या घरात?"

आठवडाभरात धागा तिच्या मागच्या पायाला आवळला. पाय काळा, सुजलेला. मी धागा कापायला गेले तर तिनं माझ्या अंगठ्याचा लचका तोडला. तुम्ही तिला मुठीत धरलंत, तुम्हालाही चावली, तिचं आणि तुमचं रक्त तुमच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. पण तुम्ही मूठ आवळली नाहीत. मी पाहत होते. त्याच हातानं किती उंदरांच्या माना मोडल्या असतील! धागा निघाला, तिची दोन बोटं मात्र झडली. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः बसून जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडल्या आणि फुटक्या माठाचं अर्धं खापर आत ठेवलंत. "थंडगार राहीन," म्हणालात. पुढे वैशाखात त्याच खापरानं तिला जगवलं. लाइट गेली, कूलर बंद पडला, की तुम्ही बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून खापराला टेकवायच्या.

पण तो वैशाख नंतरचा. त्याआधी ती पाचवी झाली.

दुकानातूनच ती पोटुशी आली होती. एका सकाळी कागदाच्या पट्ट्यांत गुलाबी दाण्यांसारखी पिल्लं वळवळताना दिसली. सायलीनं फोनवर बजावून सांगितलं, "काकूआजी, दोन आठवडे कुणी हात लावायचा नाही. पिंजरा हलवायचा नाही, साफ करायचा नाही. वरून कपडा टाका, दाणापाणी ठेवा आणि खोली बंद करा." मी कपडा टाकला. तुम्ही काढलात.

कुणाचं बाळंतपण तुमच्या हातून सुटलं होतं या गल्लीत? तुम्ही पिंजऱ्यालगत निखाऱ्यांची शेगडी ठेवलीत. मी उचलून बाहेर नेली. तुम्ही पुन्हा आणलीत. मी म्हटलं, "ताई, ती भाजेल हो!" तर म्हणालात, "तुले लेकरू झालं तवा म्याच शेकलं होतं तुले. भाजली होती काय?" शेगडी तिथंच राहिली.

आणि पाचव्या दिवशी पाचवी! पाट मांडला, सटवाईची पूजा केली, गूळखोबरं वाटलं. दुपारी गल्लीतल्या सगळ्या बाया आल्या. मंदाबाई सगळ्यांच्या पुढे. बाळंतिणीच्या खोलीत शिरायचं, लेकरू हातात घ्यायचं, नाक कुणाचं ते ठरवायचं, ही आपली रीतच आहे. मी दाराशी उभी राहून म्हणत होते, "हात लावू नका, अहो, हात नका लावू!" कुणी ऐकलं नाही. "कॉन्व्हेंटवालीले सोवळं सुचते," कुणीतरी हसलं. पिल्लं या तळहातावरून त्या तळहातावर फिरली. मंदाबाईंनी एकेकाला कुंकू लावलं. डोळेही न उघडलेल्या त्या इवल्या कपाळांना!

ती खापरामागे थरथरत होती. दात वाजत होते, ताई. मला ऐकू येत होते.

पिल्लं परत ठेवली. ती पुढे आली. पहिल्याला हुंगलं. आणि डोक्यापासून सुरुवात केली.

मला वाटलं, चाटतेय. मग आवाज आला. हाड बारीक असलं तरी आवाज होतो. एक संपायच्या आत दुसरं ओढलं. कागदाच्या पट्ट्या लाल झाल्या, तिच्या मिश्या लाल झाल्या, कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं ते कळेना. बाया किंचाळून मागे पळाल्या. एकीच्या हातातलं गूळखोबरं खाली सांडलं. आणि तुम्ही कोपऱ्यातलं मुसळ उचललंत.

"राक्षसीण! पोटचे खाऊन राह्यली!"

पहिला घाव पिंजऱ्याच्या वरच्या सळ्यांवर पडला. त्या आत वाकल्या. दुसरा घाव पडायच्या आत मी हात घातला, तो माझ्यावरच बसला. माझी करंगळी तेव्हापासून वाकडीच आहे. तिचं काही नाही. तेव्हा कळही कळली नाही, कारण तुमचे डोळे पाहिले. ते हौदातल्या उंदरांवरचे डोळे नव्हते. तुम्हाला खरंच तिला ठेचायचं होतं.

तेवढ्यात मागून मंदाबाई बोलल्या, "मारा ताई, मारा! पोरंखाऊ हाय थे! अशीले घरात ठेवते काय कोनी?"

तिसऱ्यांदा उचललेला तुमचा हात वरच थांबला.

मला माहीत होतं का थांबला. घरात ते कुणी बोलत नसे, पण सगळ्यांना माहीत होतं. विनोदच्या आधी तुमची दोन लेकरं गेली होती, दोन्ही पाचवीच्या आतबाहेर. दुसरं गेलं त्या दिवशी सासूबाईंनी चुलीतलं जळतं लाकूड ओढून तुमच्या दंडावर ठेवलं होतं. तुम्ही मला तो डाग एकदाच दाखवलात, न्हाताना. "पोरंखाऊ म्हणे मले. वर्षभर नाव नाही घेतलं, हेच म्हणे. दोन्ही डाव आल्या-गेलेल्या बायायच्या हातात लेकरू दिवसभर फिरे. तापले होते थे. मले कोनी विचारलं काय, तुले काय होऊन राह्यलं?" म्हणून तर विनोदचं नाव धोंडू ठेवलं. नजर लागू नये, दगडासारखा टिकावा.

तुम्ही मुसळ खाली आणलंत आणि वळलात. पिंजऱ्याकडून दाराकडे.

"निंघा."

"अवं ताई, म्या तं..."

"निंघा माह्या घरातून!" मुसळ उंबऱ्यावर असं आदळलंत की फरशीचा टवका उडाला. पाट उलटा, कलश आडवा, चपलांचा खच, बाया एकमेकींच्या अंगावर पडत अंगणात! मंदाबाईंचा पदर कडीत अडकून टरकन फाटला. तुम्ही त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेलात. हातात मुसळ, केस सुटलेले. तुम्हाला तसं मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

परत आलात तेव्हा धापा टाकत होतात. पिंजऱ्यासमोर बसलात. ती कोपऱ्यात भिंतीला तोंड करून बसली होती, एकटी. आत आता कुणीच उरलं नव्हतं.

"तिनं नाही खाल्ले वं शैला," तुम्ही म्हणालात. "आपन खाल्ले. आपल्या हातायनं."

मग माझ्या करंगळीला तुमच्याच पदराची चिंधी बांधलीत आणि म्हणालात, "तिले पानी ठेव. कपडा टाक. अन् दार लावून घे. तिले वाटन तवा येईन."

त्या दिवसापासून तुम्ही तिला धोंडी म्हणू लागलात.

किती दिवस तुम्ही त्या दाराबाहेर बसून राहिलात! कुणी डोकावलं की नुसतं बघायच्या. मग एकदा ती आपणहून सळ्यांशी आली आणि तुम्ही सूर्यफुलाची एकच बी पुढे केलीत. "जास्त नोको, चरबी चढते," हे मलाच सांगितलंत, जणू मोबाइल तुम्हीच वाचत होता! लिंबू-संत्र्याची फोड कुणी दिली तर हातावर चापट. न्हायला पाणी नाही, चाळून तापवून गार केलेली रेती. सायली एक जोडीदार आणू म्हणाली, तर तिच्यावरच डाफरलात, "एकटी राह्यते थे. तिची जात एकटी राह्यते. तुले करमत नाही तं तू लग्न कर."

मी एकदा चिडवलं होतं तुम्हाला. तुरीच्या खोलीत सापळा लावून, हात धुऊन, तुम्ही धोंडीजवळ आला होता. मी म्हटलं, "ताई, एकाला माठाचं घर आणि दुसऱ्याला हौद?"

"थो चोर हाय," तुम्ही म्हणालात. "त्याचं-माह्यं उघडं भांडण हाय, पळायले त्याले जागा हाय. हिले आपन कोंडलं नं? हिनं पळावं कुठं?"

मी शिकलेली. पण पिंजरा म्हणजे काय, याचं उत्तर मला तोवर सुचलं नव्हतं. मात्र एक तक्रार आहेच. हे तुम्हाला त्या पाचवीच्या आधी का नाही सुचलं? मी दारात ओरडत होते तेव्हा एकदा तरी माझ्याकडे का नाही पाहिलंत? आणि नंतर स्वतः असं न सांगता, दोन हिवाळ्यांपूर्वी, चहाचा कप हातात असताना का गेलात?

आता मंदाबाईंचं सांगते. सायलीचं पहिलं गेल्या वर्षी पाचव्या महिन्यात गेलं, तुम्हाला माहीत नाही, बरंच झालं. आज मंदाबाई सायलीच्या पाचवीला किती बाया येतील ते ठरवायला आल्या होत्या. पुरलेली जागा पाहिली आणि सायलीच्या पोटाकडे बघत म्हणाल्या, "पोरंखाऊ मेली थे बरं झालं. तिचाच पायगुण होता. नाही तं पहिलं काहून जाईन? एकदा खाल्लं की..."

पुढचं त्यांनी गिळलं. सायलीनं दोन्ही हात पोटावर ठेवले. तिचा चेहरा, ताई! खापरामागे दबकून बसलेल्या धोंडीचा झाला होता.

मी कधी कुणाला अरे म्हटलेली बाई नाही. माझा आवाज चढत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मी आत गेले. तुमचं मुसळ अजून त्याच कोपऱ्यात होतं. केवढं जड आहे हो ते! मी ते घेऊन बाहेर आले आणि त्या तुटक्या उंबऱ्यावर टेकवून उभी राहिले. मंदाबाईंनी मुसळ ओळखलं. चपला हातात घेऊनच गेल्या.

ताई, सायलीची खोली तयार आहे. दाराला आतून नवी कडी बसवून घेतली. शेगडी नाही, पाट नाही, बाया नाहीत. बाळ सुखरूप आलं तरी दार ती उघडेल तेव्हाच उघडेल. आणि देव न करो, पण नाही आलं, तरी या घरात तो शब्द तिच्या कानावर पडणार नाही. बाहेर खुर्ची टाकून मी बसेन. करंगळी वाकडी आहे, पण मूठ वळते.

तुम्ही शेकून बरी केलेली,
धाकटी जाऊ
शैला