वजा एक अँपिअर

१२ मे, सकाळ. सांगली, रूमवर.
बेसिक इलेक्ट्रिकलचा पेपर तेवीस तारखेला. मागच्या खेपेला नापास झालो, कारण त्याच आठवड्यात कराडला वक्तृत्व स्पर्धा होती. ढाल आणली. समाजाला कशाची गरज जास्त आहे, हा प्रश्न मी पेपर तपासणाऱ्यावर सोडला होता. त्याने उत्तर दिलं.
बाकी विषय सुटले आहेत. हा या वेळी राहिला तर इयर डाऊन, म्हणजे पहिल्या वर्षाच्या नव्या पोरांत बसून पुन्हा शिकायचा. तसं होणार नाही.
संकल्प : रोज पाच गणितं. उद्यापासून.

१३ मे.
पुस्तकाची प्रस्तावना वाचली. विचार ठीक, शेवट फारच थंड. सुधारून लिहिला. गणितांना वेळ उरला नाही.

१५ मे.
किरचॉफचे दोन नियम. जंक्शनला जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर जातो. आणि लूप फिरून मूळ जागी आलं की सगळ्या व्होल्टेजची बेरीज शून्य. दोन्ही पटले. दुसऱ्यावर उत्स्फूर्त बोललो, आरशासमोर. रूममेट अरिहंत चहा पीत ऐकत होता. म्हणाला, लय भारी गड्या, आता एक सोडवून दाखीव.
काहींना आशय पोचत नाही.

१७ मे.
लूपमध्ये करंटची दिशा सोडवण्याआधी आपणच धरायची असते. या विषयात पहिल्यांदाच काहीतरी माझ्या मनासारखं. ढाल मिळवणाऱ्या भाषणाचा माझा शेवट हाच होता : एकदा दिशा ठरवली की मागे फिरणं नाही. सगळ्या लूपमध्ये घड्याळाच्या काट्याप्रमाणे बाण काढले. पेनाने.
पहिलं उत्तर वजा आलं. पुन्हा केलं. पुन्हा वजा. पुस्तकात छपाईची चूक असणार.

१९ मे.
अरिहंत म्हणाला, वजा आलं तर वजाच लिही की रं, करंट उलट्या बाजूनं जातोय एवढाच त्याचा अर्थ, पान कशाला फाडतोस? मी त्याला तत्त्व आणि तडजोड यांतला फरक समजावला. ऐकता ऐकता तो झोपला. दुपारची वेळ होती, शिवाय तो घरून पुरणपोळी खाऊन आला होता.

२० मे.
औंधहून आबांचा फोन. आबा म्हणजे माझे आजोबा. सुभेदार म्हणून रिटायर झाले, आवाज अजून परेड ग्राउंडचा आहे. अभ्यास कुठवर आलाय, असं त्यांनी विचारलं. मी दिशेचा मुद्दा मांडला. सविस्तर. ते म्हणाले, आरं, परेडला चुकीकडं वळलास तर गुमान 'पीछे मुड' करायचं. भाषान करत हुबा ऱ्हायलास तर मागची रांग अंगावर येती.
लष्करी मनाला विचारस्वातंत्र्य कळत नाही.
मग म्हणाले, राजनंदिनीलाबी तुज्याच कॉलेजात घालायचं चाललंय. ही माझी चुलतबहीण. यंदा बारावी. मागून तिचा आवाज आला, दादा, नापास झालास तर सांग, बाकावर जागा धरीन. सगळे हसले. मीही हसलो.
फोन ठेवल्यावर पुस्तक उघडलं, मिटलं. काही वाटत नव्हतं.

२३ मे, दुपार.
पेपर झाला. मोठा प्रश्न असा : डावीकडे दहा व्होल्टची बॅटरी, उजवीकडे वीसची, प्रत्येकीसोबत एक रेझिस्टन्स, मध्ये आणखी एक, डाव्या लूपचा करंट काढा. बाण काढला. समीकरणं मांडली. वजा एक अँपिअर.
म्हणजे दहा व्होल्टच्या बॅटरीत करंट उलटा घुसतो? बॅटरी करंट देते, घेत नाही. पुन्हा केलं. तेच. परत केलं. तेच. खोडलं. अधिक एक लिहिलं आणि खाली पाऊण पान भूमिका मांडली. उतरली मात्र सुंदर. पुढचे दोन प्रश्न राहून गेले.
रूमवर अरिहंतने प्रश्नपत्रिका घेतली आणि पाठकोऱ्या कागदावर तोच प्रश्न सोडवला. वजा एक. म्हणाला, वीसवाली दहावालीला दाबती, दहावाली चार्ज होती, विषय संपला. हेच लिहिलंस न्हवं?
मी म्हणालो, मी त्याच्या पुढे गेलो.

१० जुलै.
निकाल. नापास. तीन मार्कांनी.
वाईट वाटेल म्हणून सकाळपासून तयारी करून बसलो होतो. वाटलं नाही. मेसला पोहे होते. दुसऱ्यांदा घेतले.
आबांना सांगण्यासाठी परीक्षापद्धतीवर काही मुद्दे काढले होते. दुसऱ्या मुद्द्यालाच ते म्हणाले, बरं. आणि फोन ठेवला. इतक्या छोट्या प्रतिसादाची मला सवय नाही.

११ जुलै.
संकल्प : या शिक्षणपद्धतीविरुद्ध व्याख्यानमाला. सातारा ते सांगली, गावोगाव.

१४ जुलै.
पहिलं व्याख्यान लिहायला घेतलं. 'विद्यार्थी मित्रहो' इथपर्यंत झालं. मग झोपलो.

२ ऑगस्ट.
अजून तिथेच आहे.

५ ऑगस्ट.
पहिला तास. राजनंदिनीने खरोखरच जागा धरली होती, रुमाल टाकून. शेजारच्या मुलींना सांगत होती, ह्यो माझा दादा, कराडची ढाल ह्यानंच आणलीय. मुलींनी माझ्याकडे आदराने पाहिलं. मग एकीने विचारलं, मग हा इथं कसा?
सरांनी फळ्यावर दोन लूप काढले. विचारलं, करंटची दिशा कुठली धरायची? राजनंदिनीने कोपराने ढोसलं, दादा, ऊठ की, तुला येतंय न्हवं.
उठलो. घसा साफ केला. सगळ्या माना वळल्या. प्रस्तावना आठवत होती, शेवटही आठवत होता.
म्हणालो, कुठलीही.
सर म्हणाले, आणि उत्तर वजा आलं तर?
म्हणालो, तर ती उलटी आहे.
सर म्हणाले, बस.
टाळ्या नव्हत्या. बसलो. राजनंदिनी तोवर गणित सोडवत होती. तिचं वजा दोन आलं. तिने ते तसंच लिहिलं आणि पान उलटलं.
मी तिला पान परत मागे घ्यायला सांगितलं. माझं उतरवून व्हायचं होतं.