सुयुनबाय अबांच्या खिडक्या

१२ सप्टेंबर

पुन्हा घरपट्टीची आकारणी! अख्ख्या गावाची घरं नव्याने मोजायची, आणि मोजणार कोण — तर मी! आमचे ग्रामप्रमुख तालाय गोड आवाजात म्हणाले, "बुरुल एजे, तुम्हाला बघून लोक दार तरी उघडतात." ताई म्हणून उघडतात हो, पण काय काय तोंडं करून! त्यात सरोवराकडच्या गल्लीला यंदा चढा दर. गुडघे आत्तापासूनच बोंबलतायत.

१५ सप्टेंबर

कुत्री, चिखल, चहा. घरोघरी नानचा तुकडा तोंडात टाकल्याशिवाय सुटका नाही. भरल्या पोटी किती खायचं माणसाने? पण नाही म्हटलं तर सात पिढ्यांचं वैर.

गुल्याईमने पाहुण्यांच्या खोलीत चक्क गवत पसरून ठेवलं होतं. म्हणे, "कोठार आहे एजे, गाईसाठी." खाली गालिचा, भिंतीवर हा एवढा आरसा! म्हटलं, "गाय वेणीफणी करते का गं तुझी?" खो खो हसली आणि लोण्याची वाटी पुढे सरकवली. मी लोणी खाल्लं आणि खोली पाहुण्यांचीच लिहिली. आता हिवाळाभर माझ्याशी बोलायची नाही.

१८ सप्टेंबर

भिंती, छप्पर, खिडक्या — तिन्ही असली की घर पुरं. एखादी खिडकी राहिली की अपुरं, आणि अपुऱ्या घरावर कर नाहीच म्हटलं तरी चालेल. म्हणून आमच्या गावात घर कधी पुरं होतच नाही. पोरांची लग्नं होतात, नातवंडं शाळेत जातात, तरी एका खिडकीला प्लास्टिक फडफडतंच.

आणि हे आमचे सुयुनबाय अबा! बायको गेल्यापासून एकटेच अंगणातल्या जुन्या मातीच्या खोलीत राहतात. समोरचं नवं घर धाकट्या केन्जेबेकच्या नावावर — बापाची चूल धाकट्याची, ही आमची रीतच. तो तिकडे मॉस्कोत. अबांनी काय केलंय, तर सगळ्या खिडक्या बसवल्यात! चौकटींना स्वतःच्या हाताने निळा रंग दिलाय.

"लिही पोरी. पुरं."

म्हटलं, "अबा, एक काढून ठेवा ना. मी परत येते आठवड्याने."

"अगं, केन्जेबेक येतोय बर्फाआधी! फोनवर तोच म्हणाला — खिडक्या बसवा, कचेरीत पुरं म्हणून लिहून घ्या. पोराला काय वाऱ्यात निजवू?"

२० सप्टेंबर

"अपुरं" लिहिलं. म्हाताऱ्याच्या पेन्शनीत कोळसा येतो तोच नशीब. कोण बघायला बसलंय?

२७ सप्टेंबर

बसलेत. अबाच बसलेत!

आज यादी कचेरीच्या भिंतीवर लागली. अबा काठी आपटत आत आले. खोलीत हीऽऽ गर्दी. "माझ्या घरात तुला काय कमी दिसलं?" मी किटली पुढे ओढली. "सगळ्या गावासमोर तू लिहिलंस, की माझा पोरगा यायचा नाही!"

कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. मी चहा ओतला, नान पुढे केला. अबांनी नानला हातही लावला नाही. तसेच निघून गेले. इतक्या वर्षांत असं माझ्याशी कोणी वागलं नव्हतं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. मागच्या खोलीत जाऊन रडले. मग डोळे पुसले आणि "पुरं" असं दुरुस्त करून यादी पुन्हा लावली.

३ ऑक्टोबर

अबांनी बोलावून घेतलं. नव्या घरात चूल पेटवली होती, गोधड्यांची चळत भिंतीला छान रचलेली. नान मोडला, जर्दाळूचा मुरंबा वाढला. राग गेला म्हणायचा! "त्याला खिडकीजवळची जागा आवडते," म्हणाले आणि मला तिथेच बसवलं. खिडकीतून सरोवर दिसतं. बरं वाटलं. खूप दिवसांनी.

९ ऑक्टोबर

पाऊस. घरं उरलीत. पाय सुजलेत.

११ ऑक्टोबर

बिश्केकहून एक माणूस आला. चकचकीत बूट. केन्जेबेकचं घर विकत घेतोय म्हणे. बँक कर्ज देते, पण घर पुरं असल्याचा आमचा कागद हवा, यंदाच्या आकारणीतला. त्याशिवाय व्यवहार होणार नाही.

"अंगण? जुनी खोली?"

"सगळंच."

"आणि म्हातारा?"

"मुलगा बघेल म्हणाला."

तालाय म्हणाले, "मालक तो आहे एजे. आपण कोण मध्ये पडणार?" मी म्हटलं, कागद देण्याआधी एकदा जागेवर पाहणी करावी लागते, सोमवारी करते. नियम खरा आहे, पण पाळतं कोण! तो माणूस कुरकुरत गेला. केन्जेबेकने खिडक्या कशासाठी बसवायला लावल्या ते मला आत्ता कळतंय. आणि तो "पुरं" शब्द मीच "अपुरं" खोडून भिंतीवर चिकटवला!

तशीच अबांकडे गेले. सगळं सांगून टाकलं. ते उठून खिडकीशी गेले, चौकट चाचपली. मग नान मोडून माझ्या हातात दिला. "खा. तुझा काय दोष."

मी निघताना अबांनी एवढंच विचारलं, "त्याला कागद कशाचा हवाय म्हणालीस?"

१६ ऑक्टोबर, सोमवार

पाहणीला गेले. निळ्या चौकटी जर्दाळूच्या झाडाला ओळीने टेकवलेल्या, काचा शाबूत. घरातून वारा आरपार वाहत होता. अबांच्या दाढीत चुन्याची धूळ.

"लिही पोरी," म्हणाले. "अपुरं."