युजीनला पुढे बसायचंय

१४ सप्टेंबर, रविवार

शेपटीत बसणार नाही म्हणतो! पितळेची पाटी कोरून आली, फोटोग्राफर ठरला, सगळं झालं — आणि आज हे.

नीट लिहून ठेवते. आमच्या म्युझियमचं बी-२५ बॉम्बर, 'लेट फॉर सपर', ४ ऑक्टोबरला लोकांसमोर उडणार. दुरुस्तीत बारा वर्षं गेली. ऑगस्टमधल्या चाचण्या उत्तम झाल्या. युद्धात त्यात सहा जण असायचे, त्यातले पाच गेले. उरला युजीन नोवाक. वय एकशे एक, शेपटीतला गनर. त्याला त्याच्या जुन्या जागी बसवून एक चक्कर मारून आणायची, असं कमिटीनं ठरवलं. सगळ्यांना गहिवरून वगैरे आलं. त्याला मात्र कोणी विचारलं नाही! मी त्याच्या वृद्धाश्रमात गेले ती पाटीवरचं नाव तपासून घ्यायला.

"परत तिथे?" म्हणाला. "टीचर, मी अख्खं युद्ध उलटा बसून काढलं. एकदा पुढे बसवा मला."

१५ सप्टेंबर

डॉनाला सांगितलं. डॉना आमची मुख्य मेकॅनिक. विमानाच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. ती पुसत होती तो पाना खाली न ठेवताच म्हणाली, "पायलटांच्या मागे एक खुर्ची आहे. तिथून समोरचं दिसतं. पण वर जायला पोटातून शिडी आहे. काही झालं तर त्याला स्वतःच्या पायांनी उतरता आलं पाहिजे. मी त्याला पोत्यासारखं ओढणार नाही. येतं त्याला?"

"येईल," मी म्हटलं.

"आज येतं का?"

"४ तारखेला येईल."

या देशात येण्याआधी नागपुरात तीस वर्षं फिजिक्स शिकवलं. नापास होणारी पोरं यापेक्षा कमी दिवसांत काठावर आणली आहेत.

१८ सप्टेंबर

आजपासून युजीनचा क्लास. खुर्चीवरून उठायचं, बसायचं. हात न टेकता. मग जिन्याची एक पायरी. मग दोन.

"सार्जंटसुद्धा बरा होता," धापा टाकत म्हणाला.

"सार्जंट गेला. मी आहे. परत."

नर्स दारात उभी राहून हसत होती. तिलाही सांगितलं — हसायचं असेल तर संध्याकाळची उजळणी तू घ्यायची. घेते म्हणाली!

२१ सप्टेंबर, रविवार

म्युझियममध्ये गर्दी. माझी ड्यूटी 'लेट फॉर सपर'पाशी. माहिती तोंडपाठ आहे — कॅन्ससमध्ये बनलं, अटलांटिक आणि आफ्रिकेवरून उडत बंगालमध्ये पोचलं, तिथल्या धावपट्टीवरून ब्रह्मदेशातले रेल्वेचे पूल पाडायला जायचं. परत येईपर्यंत मेसमधलं जेवण संपलेलं असायचं, म्हणून हे नाव. युद्धानंतर जंगलातल्या आगींवर पाणी टाकायच्या कामाला लागलं. मग कोणाच्या तरी शेतात पडून राहिलं, नाकात खारींची घरटी.

जुन्या फलकावर फक्त दोन पायलटांची नावं होती. मी सहाही घातली. 'शूर', 'अमर', 'तेजस्वी' ही विशेषणं काढली. नावं, गावं, कामं. बास.

एका छोट्या मुलीनं विचारलं, शेपटीतला माणूस काय करायचा? मी ठरलेलं उत्तर दिलं, मागून येणाऱ्या विमानांवर लक्ष ठेवायचा. बरोबर आहे. पण पुरेसं वाटलं नाही मला. युजीनला विचारायला हवं.

२३ सप्टेंबर

विचारलं. पायऱ्यांच्या मधल्या विश्रांतीत.

"बॉम्ब पडले की पुढचे पाच जण घराकडे बघायचे. पूल पडला का, हे फक्त मला दिसायचं. कॅप्टन विचारायचा, नोवाक, काय दिसतंय? मी सांगायचो. पडला. नाही पडला. पुलावर गाडी होती. पुलावर माणसं होती. सगळं मीच सांगायचो." पाणी प्यायला. "मला एकदा, आपण जातोय कुठे ते बघायचंय."

मी आणखी दोन पायऱ्या करून घेतल्या.

२७ सप्टेंबर, शनिवार

त्याला हँगरमध्ये आणलं. खऱ्या शिडीवर. पहिल्यांदा पाय घसरला — माझा जीव गेला, चेहरा मात्र हलू दिला नाही. दुसऱ्यांदा वर गेला. आणि खाली उतरला. एकटा!

डॉना हाताची घडी घालून बघत होती. "काठावर पास," म्हणाली.

काठावर तर काठावर.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

फार छान दिवस! प्रथमेश — गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर आहे, अमरावतीचा पोरगा, सुट्टी मिळाली की इथे येऊन इंजिनाखाली झोपतो — मला म्हणाला, "शैलजामावशी, आज अवजारांची पूजा. आपल्या हँगरमध्ये एवढी अवजारं, आणि आपण काहीच नाही करायचं? चूक वाटतं यार." डॉनाला विचारलं. कारागीर वर्षातून एकदा अवजारांना हात जोडतात, एवढंच सांगितलं. ती आत जाऊन वडिलांचा जुना पाना घेऊन आली. "हा पहिला ठेवा."

झेंडूच्या माळा नोव्हाय गावातल्या भारतीय दुकानातून आणल्या होत्या. प्रोपेलरला एकही नाही — डॉनानं बजावलं, "एक पाकळी इंजिनात गेली तर तुम्हाला दोघांना इंजिनात घालीन." मग सगळ्या माळा अवजारांच्या पेट्यांना. नारळ बाहेर पार्किंगमध्ये फोडला. पेढे सगळ्यांना. एक म्हातारे स्वयंसेवक तीनदा आले, दर वेळी 'पहिलाच' म्हणत.

एका गोष्टीतून अगदी थोडक्यात वाचले. चाकाच्या वरच्या खांबावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि हात सवयीनं वळला. प्रथमेशनं मनगटच धरलं. "मावशी! स्वस्तिक नाही! इथे नाही! या विमानावर तर अजिबात नाही!" ज्यांच्याशी हे लोक लढले त्यांचंच चिन्ह समजले असते! मुकाट्यानं पाच बोटं उठवली. पाण्यातलं कुंकू धातूला धरत नाही म्हणून खोबरेल तेलात कालवून नेलं होतं. छान घट्ट बसलं.

घरी नात अबोलीला सगळं सांगितलं. "आजी, यू आर सो एक्स्ट्रा." कौतुक आहे म्हणे.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी दातांच्या डॉक्टरकडे होते. दुपारी प्रथमेशचा फोन. आवाज पडलेला. "मावशी, उद्याचं कॅन्सल होतंय. हायड्रॉलिक लीक आहे."

गाडी कशी चालवली माहीत नाही. (नियमातच चालवली.) विमान बाहेर उन्हात आणून उभं केलेलं. ऑक्टोबरात उन्हाळ्यासारखं ऊन! डाव्या चाकाखाली काँक्रीटवर लाल ठिपके. खाली चौघे उताणे, टॉर्च घेऊन. विमानातलं हायड्रॉलिक तेल लालच असतं. ते गळलं तर चाकं खाली येण्याची खात्री नाही, ब्रेकची नाही. डॉना म्हणाली, "सकाळपासून शोधतोय. कुठून येतंय तेच सापडत नाही. न सापडलेल्या गळतीवर मी एकशे एक वर्षांच्या माणसाला वर नेणार नाही. आता तूच फोन कर त्याला."

मी खाली वाकले. ठिपक्याला बोट लावलं. आणि वास आला.

खोबरेल.

हँगरच्या गारव्यात थिजलेलं तेल उन्हात वितळलं होतं. कोणत्या तापमानाला वितळतं हे मी नववीला शिकवत आले आहे! आणि चार माणसं सकाळपासून माझ्या पाच बोटांचा माग काढत उताणी पडली होती.

सरळ उभी राहिले आणि सांगितलं. सगळ्यांसमोर. हे मी केलं, हे हायड्रॉलिक नाही, हे कुंकू आहे.

डॉनानं माझं बोट धरून हुंगलं. "हे तुम्ही लावता कशाला?"

"केसांना."

"म्हणजे आम्ही सकाळपासून," ती अगदी सावकाश म्हणाली, "एका बॉम्बरची चंपी तपासत होतो." मग जे हसू फुटलं! एक जण विमानाखालीच कपाळ आपटून घेऊन आणखी हसला.

पण डॉना ती डॉनाच. "तुझ्या नाकावर मी विमान उडवत नाही. सगळं पुसा. पूर्ण प्रेशर टेस्ट. रात्रभर उभं राहील. सकाळी जमीन कोरडी असेल तर उडेल."

पुसायला मी. प्रथमेश मदतीला आला, त्याला हाकललं. युजीनला फोन केला नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

जमीन कोरडी!!

युजीन टाय लावून आला. शिडीपाशी नर्सनं हात पुढे केला, त्यानं बाजूला सारला. पहिली पायरी. दुसरी. मधे थांबला — मी मनातल्या मनात ओरडत होते, ऊठ, ऊठ — आणि गेला वर. टाळ्या. डॉनानं टाळ्या वाजवल्या नाहीत, तिचे हात डोळ्यांशी होते.

दोन्ही इंजिनं सुरू झाली तेव्हा आवाज कानात नाही, छातीत वाजला. अबोलीनं माझा हात पकडला. गेलं वर. इतकं सोपं!

प्रथमेशकडे रेडिओ होता, आम्ही सगळे त्याला चिकटून उभे. पायलटनं मुद्दाम विचारलं असणार — "नोवाक, काय दिसतंय?"

खरखर. मग म्हाताऱ्याचा आवाज, अगदी कामाचा, सरळ. "समोर दोन टाळकी. त्यांच्या मधून झाडं. लाल, पिवळी. रस्ता. रस्त्यावर गाड्या, सगळ्या आमच्याच दिशेनं. पुढे नदी." थोडं थांबून, "नदीवर पूल."

प्रथमेशनं आवाज वाढवला.

"पूल उभा आहे," युजीन म्हणाला. "पुलावर वाहतूक चालू आहे. जातोय त्याच्यावरून. गेलो. मागे वळून बघत नाही. पुढे पाणी. खूप पाणी! अरे, केवढं आहे हे!"

मग तो नुसता हसत होता. रेडिओवर बराच वेळ एक म्हातारा हसत होता, आणि खाली आम्ही.

उतरल्यावर त्याला सगळ्यांनी विचारलं, कसं वाटलं. म्हणाला, भूक लागली.

५ ऑक्टोबर

दिवसभर झोपले. तीस वर्षांत प्रथमच.

९ ऑक्टोबर

मुलांना सांगायचं उत्तर बदललं. शेपटीतला माणूस काय करायचा? — काय झालं ते बघायचा, आणि खरं सांगायचा. फलकावरही तेच घातलं. कमिटीनं एक विशेषण सुचवलं. नाकारलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

युजीनचा फोन. मधे दोन टाळकी नकोत म्हणून पठ्ठ्यानं काल छोट्या विमानात फ्लाइंगचा तास घेतला! पुढची सीट, समोर नुसती काच, आणि मिनिटभर कंट्रोलसुद्धा हातात. "तुझंही नाव घातलंय, टीचर. गुरुवारी सकाळी. उशीर करू नकोस." नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि हो म्हणाले. अबोलीला सांगून टाकलंय — गुरुवारी शाळेत बसनं जा, आजीला वेळ नाही.