जाळीतलं नाव

मंगळवार, संध्याकाळ. सातारा.

ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, आणि आता कुणीतरी ह्यांच्या नावावर सिमकार्ड घेतलंय. फाटकाच्या जाळीत खोचलेली बँकेची पत्रं उचलून. दुसरं काय?

पोस्टमनकाका चिडले. "आवं बाई, पत्रं बंद करा म्हणून कवापास्नं सांगतोय! निदान पेटी तरी लावा."

नाही केली बंद. पाकिटावर ह्यांचं नाव असायचं. वाचून झालेलं पत्रही मी पुन्हा जाळीत खोचायची. शाळेतून परतताना ते नाव दिसलं की घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. वेडेपणाच ना?

आज बँकेला कळवलं, कुलपाची पेटी बसवली. रडू आलं नाही. पेटीवर नाव कुणाचं, रंगाऱ्यानं विचारलं. माझं, म्हटलं. मग रिकाम्या जाळीवरून उगाच हात फिरवला.