तुम्ही सोडलेला चहा

पप्पा, हे लिहायचं मी सात वर्षं टाळलं. दर भाद्रपदात वही काढायचो आणि कुठंतरी निघून जायचो. एकदा तर समोर एसटी उभी दिसली म्हणून निमगाव सावाला गेलो, तिथं कुणाच्या कांदाचाळीतले कांदे निवडू लागलो आणि चार दिवस राहिलो. बघा, पुन्हा भरकटलो. घरात आपण मारवाडी बोलायचो, पण लिहायला मला मराठीच येते, तीही बारावी नापासाची. चालवून घ्या.

सध्या आहुप्याला असतो. एका मामांकडे पाहुणे उतरतात, त्यांना मी कडा आणि देवराई दाखवतो. काल पुण्याहून पाच जण आले, चांगल्या पगाराचे, धडधाकट. एकानं विचारलं, "भाऊ, इकडं नशेची अळंबी उगवतात ना? दाखव की." मामा चुलीपासून म्हणाले, "देवाच्या रानातलं पानबी आमी उचलत नाय. आन् तुमाला दुखतंय काय, पावणं?" सगळे हसले. "दुखत काही नाही मामा, मजा!" दुसरा म्हणाला, कामाच्या दिवशी तो जागं राहायची गोळी घेतो, डोकं दुप्पट चालतं. आज सकाळी निघताना त्यानं चार गोळ्यांची अर्धी पट्टी माझ्या हातात ठेवली, बक्षीस म्हणून. मी पट्टी उलटी करून नाव वाचलं. आपल्या दुकानात असायच्या, त्याच गोळ्या.

परीक्षा जवळ आल्या की मंचरच्या आपल्या मेडिकलमध्ये पोरं काउंटरवर वाकून कुजबुजायची. तुम्ही चष्म्यावरून बघायचा. "डॉक्टरची चिठ्ठी? नाही? मग घरी जा, भाकरी खा, झोप. औषध आजाऱ्याला असतं." "काका, एकच द्या की राव!" "राव असशील तुझ्या घरी." मी मागं खोकी लावत हसायचो. त्याच कप्प्यातून तीन पट्ट्या मी उचलल्या. एक मला, दोन मित्रांना. आठवडाभर लई भाव होता मला. पहिल्या गोळीनं डोकं काचेसारखं लख्ख झालं. त्या लख्ख डोक्यानं मी पुस्तक उघडलं नाही, दिवसभर सायकल सुटी करून एकेक छर्रा रॉकेलनं पुसत बसलो. मन लावून.

पट्ट्या नाहीत हे तुम्हाला कळलं. मला विचारलंत. मी म्हणालो, "मला काय माहीत?" मग मम्मीला म्हणालात, "गर्दीत माझ्याच हातून कुणाला बिनचिठ्ठीच्या गेल्या असतील. कुणाचं पोर बिघडलं तर ते पाप माझं." आणि नियम घेतलात, चहा बंद. दिवसाला सहा कप पिणारा माणूस आठवडाभर कपाळ धरून काउंटरवर बसला. सकाळी तुमच्या पेल्यात नुसतं गरम पाणी असायचं आणि मी समोर बसून चहा ओढत असायचो.

मग भाद्रपदात पर्युषणाचा शेवटचा दिवस, संवत्सरी आली. दुसऱ्या दिवशी आपल्यात सगळे एकमेकांची क्षमा मागतात, वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल त्याची. तुम्ही माझ्यासमोर उभे राहून हात जोडलेत. बापानं पोराला. "गोळ्यांवरून तुझ्यावर मनात संशय घेतला होता. मिच्छामि दुक्कडम्." मीही हात जोडले, तेच दोन शब्द म्हणालो, लहानपणापासून पाठ असलेले. पौषात तुम्ही गेलात. दवाखान्यात नर्स चहा घेऊन आली, तेव्हा तुम्ही बोट हलवून नको म्हणालात. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी कप घेऊन बाहेर गेलो आणि पिऊन टाकला.

मम्मी अजून पाहुण्यांना सांगते, "यांच्या हातून एकदाच चूक झाली, पण शिक्षा जन्मभर घेतली." मी ऐकतो आणि चप्पल घालतो.

आज संवत्सरीचा दुसरा दिवस. पट्टी चुलीत टाकली, असं लिहिणार होतो. नाही टाकली, खिशात आहे, आणि तिच्यात तीनच गोळ्या उरल्यात. ती एक घेतल्याशिवाय मी एका जागी बसून एवढं लिहिलं नसतं, पप्पा. हे वहीतच राहणार, म्हणून सांगून टाकलं.

बाहेर एसटी थांबली. मामा हाका मारतायत, "आरं, भाईर ये! तुजी आई आलीया!" इतक्या वर्षांत ती कधी इथवर आली नव्हती. खिडकीतून दिसतेय. पिशवी खाली ठेवून पदर सारखा करतेय, म्हणजे आता हात जोडणार. तिला आधी बोलू द्यायचं नाही.