धुराड्याच्या नळ्या

मैलापूर, मद्रास
९ ऑगस्ट १९५८

राजमान्य राजश्री उमाकांतराव, दिल्ली मुक्कामी, यांस थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

(तू मोठ्या हुद्द्यावर आहेस म्हणून हा मायना. तो पत्राच्या शेवटापर्यंत टिकेल अशी हमी देत नाही.) तुझ्या पोटाचे कसे आहे? सुनंदाने लिहिले आहे की तू जेवतानाही फायली वाचतोस. ताटाकडे न बघता जेवले की अपचन व्हायचेच, त्याला दिल्लीतला डॉक्टर काय करणार? इकडे आम्ही ठीक. यांचे गुडघे दुखतात, पण पेन्शनीत निघाल्यापासून तोच त्यांचा उद्योग झाल्यामुळे मी फारशी चौकशी करीत नाही.

पत्रास कारण तुमच्या खात्याची निर्धूर चूल. तिच्यावरची पुस्तिका तू पाठवलीस ती मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. (छापखान्यातल्या माणसांनंतर मीच असेन.) धूर नळीवाटे छपराबाहेर जाईल, बायकांचे डोळे वाचतील, सरपण कमी लागेल. मला पटले. सत्तावीस साली बी. ए. झालेल्या बाईला चांगली गोष्ट पटायला वेळ लागत नाही, आणि पंचवीस वर्षे मुलींची शाळा चालवल्यावर दुसऱ्याला पटवायलाही लागत नाही. म्हणून महिला समितीने शोळिंगनल्लूरच्या पलीकडचे एक गाव माझ्याकडे सोपवले तेव्हा मी बसने, मग बैलगाडीने जाऊन महिनाभरात बासष्टच्या बासष्ट घरांत चुली बसवून घेतल्या. प्रत्येक घराला भाजक्या मातीच्या चार नळ्या, एकावर एक, मिळून दहा फूट. समितीने माझे अभिनंदन केले. मीही अडवले नाही.

ते गाव समुद्राजवळ आहे. गावात विहीर आहे, पण तिच्या पाण्यात भात शिजवला तर मीठ घालावे लागत नाही. गोडे पाणी मागच्या वाळूच्या टेकाडावर, सहाशे फुटांवर. वाळूत पाय घोट्यापर्यंत रुततात, दुपारी तर ती तव्यासारखी तापते, आणि बायका डोक्यावर घागर घेऊन दिवसातून सहा खेपा करतात. पाण्यासाठी त्यांचा अर्ज सहा वर्षे फिरतो आहे. उत्तर एकच येते: गावात विहीर आहे, सबब गरज दिसत नाही. (विहीर कागदावर येते, तिची चव येत नाही.) पहिल्याच दिवशी बायकांनी माझ्याकडे पाणी मागितले होते. मी म्हटले, आज चुलीचा विषय आहे, पाण्याचा नाही. वर्गात मी असेच म्हणत असे.

गेल्या गुरुवारी मी न कळवता गेले. गाडीतूनच दिसले की प्रत्येक झावळ्यांच्या छपरातून पूर्वीसारखा धूर झिरपतो आहे, आणि धुराडे एकही नाही. मी तडक अलमेलूच्या घरात शिरले. ही गावातली सर्वांत वडील बाई, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, आणि तिच्या शब्दाबाहेर गावातली एक बाई नाही. (समितीला असे कुणी लाभले असते तर!)

“धुराडे कुठे आहे?”

“बसा, टीचरम्मा.”

“मी बसायला आलेले नाही.”

“मग उभ्यानं ऐका.” तिने चुलीवरच्या वाशाला टांगलेला एक सुका भोपळा काढून माझ्यासमोर उपडा केला. वांग्याचे बी होते, निम्मे पोखरलेले. “आमचं बियाणं धुरातच टिकतं. तुमच्या चुलीनं धूर बाहेर घालवला, तशी कीड घरात आली. पेरायला काय, तुमचं पुस्तक?”

मी म्हटले, “आणि डोळ्यांचे काय?”

“डोळे चुरचुरतात. पण पाय थंड आहेत. या, दाखवते.”

घरामागे नेऊन दाखवले ते असे. टेकाडावरच्या झऱ्यापासून गावाच्या कडेपर्यंत बासष्ट घरांची धुराडी आडवी, एकापुढे एक, सांधे चुन्याने लिंपलेले, वर झावळ्या. शेवटच्या नळीतून करंगळीएवढी धार दगडी डोणीत पडत होती आणि बायका सावलीत बसून घागरी भरत होत्या. अलमेलूने मला लोटाभर पाणी दिले. मग आणखी एक लोटा. रागवायचे पुष्कळ ठरवून गेले होते, पण पाणी फार गोड होते. शिवाय बियाणे कुठे ठेवता, हे मी त्यांना एकदाही विचारले नव्हते, तेही तिथेच लक्षात आले. (हे सुनंदाला वाचून दाखवू नकोस.)

आता अडचण ऐक. तुझ्या खात्याचे तपासनीस शेषगिरी पंचवीस तारखेला चुली मोजायला येणार आहेत. माणूस प्रामाणिक आहे, त्यामुळे फार भीती वाटते. नळ्या जिथल्या तिथे बसवा म्हणून हुकूम देतील, आणि बायका पुन्हा घागरी घेऊन टेकाड चढू लागतील. मी अलमेलूला स्वच्छ सांगितले की मी अहवालात खोटे लिहिणार नाही. ती म्हणाली, “खोटं कशाला? धाकटा भाऊ दिल्लीला आहे ना? त्याचा कान काय नुसता शोभेला आहे?”

मी तिला समज दिली की सरकारी कामात नातेसंबंध आणणे मला मुळीच मान्य नाही. तेव्हा हे पत्र निव्वळ खुशालीचे समज.

तुझी,
वसंताअक्का

ता. क. पंचवीस तारखेच्या सुमारास शेषगिरींना एखाद्या लांबच्या जिल्ह्यात मोठे आणि मानाचे काम दे. पाण्याचा अर्ज मंजूर होईपर्यंत ते तिथेच रमले तर उत्तम.

दुसरा ता. क. शेजारच्या गावातही झरा आहे, पण नऊशे फुटांवर. तिथे घरे एकोणीस. मी नव्वद चुलींची मागणी धाडली आहे, बिनबोभाट सही कर. उरलेल्या एकाहत्तर घरांत माणसेच नसल्यामुळे धूर अजिबात होणार नाही. तुमच्या योजनेला इतके यश दुसऱ्या कुठल्या गावात मिळणार आहे?