चारही काठ भरलेला चौकोन

बोरी अरब, डिसेंबर २०१७

प्रिय लालसिंगभाऊ यांस ग्रेडर मधुसूदनचा रामराम आणि जय सेवालाल.

आपली प्रकृती उत्तम असावी. सकाळी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचं शटर एका हातानं वर ढकलता, त्यावरून तसा तर्क केला. (माझ्या खिडकीतून तेवढंच दिसतं. इकडे मान वळवत नाही, त्यामुळे चेहऱ्याच्या प्रकृतीविषयी माहिती नाही.) रस्ता ओलांडला की तुमचं दुकान, तरी पोस्टाचं तिकीट लावतो आहे, कारण गेला दीड महिना तो रस्ता फार रुंद झाला आहे. माझं ठीक. शोभा पुण्याला मुलाकडे, पियूषकडे, नात आभाच्या दिमतीला. यंदा कापसाची प्रत बोंडअळीनं माझ्याआधीच ठरवून टाकल्यामुळे खरेदी केंद्रावर मी, वजनकाटा आणि एक कुत्रा असे तिघेच बसतो. कुत्र्याला तुमच्यासारखा कॅरम येत नाही.

तर मुद्दा. तुम्ही पियूषचा जुना कॉम्प्युटर साफ करून दिलात आणि पुढच्याच रविवारी व्हिडिओ कॉलवर आमच्या आभाचं तोंड पडद्यावर अर्ध्या जांभईत अडकलं. पियूष म्हणाला, बाबा, आतला प्रोसेसर कोणी बदलला तर नाही ना? त्यानं सहज विचारलं. मी ते भर बाजारात, चहाच्या टपरीसमोर, वीस माणसांत तुमच्या तोंडावर फेकलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "साहेब, दहा वर्सांत एवढंच ओळखलं का मले?" आणि चहा अर्धा टाकून गेलात.

मग मला पुरावा हवासा झाला. (माणूस आरोप करून झाल्यावरच पुरावा शोधतो, आधी सवड नसते.) प्रोसेसरचं खोकं पियूषनं जपून ठेवलेलं. त्यावर पूर्ण क्रमांक छापलेला. कॉम्प्युटर उघडून खुद्द प्रोसेसर बाहेर काढला, तर त्यावर मात्र क्रमांक ठिपक्यांच्या, मुगाच्या डाळीएवढ्या चौकोनात दडवलेला. असे चौकोन वाचणारं अ‍ॅप फोनमध्ये घेतलं, पण चकाकीपुढे फोनला काही दिसेना. तेव्हा कापसाचा तंतू पाहायचं भिंग काढलं आणि चौकटीच्या वहीत एकेक ठिपका उतरवला. तीन दिवस लागले. (कापसाकडे इतकं निरखून पाहिलं असतं तर आज मोठा साहेब असतो.) शाई फुटली, फोननं तोंड फिरवलं.

पुढचं सांगायला लाज वाटते. कापडाचं घर न् घर मोजून टाका घालणारं गावात एकच माणूस, तुमची आई. तुम्ही दुकानात असताना वही घेऊन घरी रामीबाईंकडे गेलो आणि तुम्ही आईला मारता तीच हाक मारून म्हटलं, याडी, उशीच्या अभ्र्यावर एवढी नक्षी काढून द्या. मुलाला चोर ठरवायचा कागद आईच्या हाती दिला, आणि वर तिच्या हातचा चहा प्यालो.

चार दिवसांत काळ्या दोऱ्यानं असा चौकोन भरून दिला की बघत राहावं. फोन ढिम्म. वहीशी ताडल्यावर उमगलं: मूळ नक्षीला दोनच बाजूंनी सलग काठ, उरलेल्या दोन बाजूंना एक घर भरलेलं, एक रिकामं. याडींनी चारही काठ सलग भरून टाकले होते. विचारलं तर म्हणाल्या, "काठ उघडा ठेवू नाही, साहेब. उसवते." शेवटी ते जादा टाके मीच उसवले.

फोन टिंगकन वाजला. खोक्याशी ताडलं. पहिला आकडा जुळला, दुसरा जुळला. चुकावा म्हणून मी वाट पाहत होतो तो शेवटचाही जुळला. प्रोसेसर तोच आहे, लालसिंगभाऊ. (आभाची जांभई बहुधा गावच्या नेटवर्कनं अडवली, तेही तुम्हीच चोरलं असं म्हणायची आता हिंमत नाही.)

अभ्रा घेऊन याडींकडे गेलो. त्यांनी चौकोनावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "माह्या पोराचं नाव निघालं का याच्यात?"

मी म्हटलं, नाही, नुसता नंबर.

"मंग झालं," म्हणाल्या, आणि उसवलेले काठ पुन्हा भरायला बसल्या.

आपला (अजून असलो तर),
मधुसूदन

ता.क. प्रोसेसर मी स्वतःच्या हातानं परत बसवला आहे. तेव्हापासून कॉम्प्युटर सुरू होत नाही. तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही. (गावात दुसरा कोणी नाही, ही गोष्ट वेगळी.)

ता.क. २. येत्या बाजाराच्या दिवशी, सकाळी दहाला, त्याच टपरीसमोर मोठ्यानं माफी मागणार आहे. वीस माणसं भरली नाहीत तर कुत्र्याला आणीन. तुम्ही फक्त उभे राहा. नाही आलात तर लोक म्हणतील, ग्रेडरसाहेब आताशा एकटेच बोलतात. (बोलतो. पण ते बाजाराला कळायची गरज नाही.)